‘अर्धी लादी’तल्या नऊ मात्रा

मराठी रॉकचा पहिला ड्रमर मी! भांडुपपासून बोरिवलीपर्यंत माझ्याआधी मराठी गाण्यावर असला दणका कोणी दिला नव्हता. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की हल्ली मलाच खरं वाटायला लागलंय. दुसरं कोणी अजून म्हणालेलं नाही. आमच्या बँडमधल्या विजयला विचारा. तो म्हणेल, "पहिला होता की नाही ते माहीत नाही. ठेका सोडणारा मात्र पहिलाच!"

आमची एकच कॅसेट. नाव ‘अर्धी लादी’. ती आम्ही बर्फाच्या कारखान्यात बसून रेकॉर्ड केली. तिथे एक गोष्ट बघितली. बर्फ भुशात ठेवतात. बर्फ विकला जातो, वितळतो, गटारात जातो. भुसा मात्र केसांत, कानांत, खिशांत अडकून घरी येतो आणि महिनाभर निघत नाही. किस्से तसेच. गाणी गेली, कॅसेट गेल्या, हा भुसा राहिलाय. झटकतो थोडा.

त्यात माझं एक बोलणंही अडकलंय. आमच्या गाणाऱ्या हिराला सांगायचं राहून गेलेलं. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या की हा तोटा होतो. खरं बोलायला तोंड उघडलं की समोरचा आधीच हसायला लागतो.

*

आम्ही चौघं.

विजय गिटारवाला. वडील सोलापूरकडून आलेले, भांडुपला कारखान्यात कामाला, आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायला. विजय त्या पेटीशेजारीच वाढला. पुढे हातात गिटार आली तरी ती मांडी घालूनच वाजवायचा. गाणी लिहायचा तो, चाली लावायचा तो, आम्हाला शिव्या घालायचाही तोच. नंतर बँकेत साहेब झाला. शिव्या तेवढ्या सुटल्या नाहीत.

ॲल्विन वाकोल्याचा. रेडिओ दुरुस्त करायचा आणि बेस वाजवायचा. काकाचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर त्याच्याकडे होता, म्हणून तोच आमचा रेकॉर्डिंग इंजिनियर. त्याला बाराही महिने खोकला.

हिरा माहुलच्या कोळीवाड्यातली. आईबरोबर मासळी विकायची. एका हळदीत तिला गाताना विजयने ऐकलं आणि नाचायचं सोडून तो तिच्या आईपाशी गेला. म्हणाला, "मावशी, तुमची मुलगी आम्हाला द्या." मावशीने कोयता उचलला. मग मी पुढे होऊन सांगितलं, "गाण्यासाठी मावशी, गाण्यासाठी!"

आणि मी दिन्या. आठवी नापास, तेही दोनदा. बेंजो पार्टीत ढोल बडवायचो, दिवसा फिटर. माझा ड्रमसेट म्हणजे बेंजो पार्टीचा साईड ड्रम, मासळी धुवायचं एक पिंप, आणि झांजेच्या जागी कसल्यातरी टाकीचं पत्र्याचं झाकण.

बँडचं नाव विजयने ठरवलं, ‘द भांडुप थंडर’. पिंपावर इंग्रजीत रंगवायचं काम ॲल्विनला दिलं. ‘थंडर’ची तीन अक्षरं झाली आणि रंग संपला. दुसऱ्या दिवशी गणपतीत आमचा पहिला कार्यक्रम. मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवर पिंपाकडे बघून घोषणा केली, "आता आपल्यासमोर येत आहेत, द भांडुप थू!"

विजय म्हणाला, "रंग मिळेल रे उद्या. इज्जत कुठून आणायची?"

*

स्टुडिओत जाण्याची आमची ऐपत नव्हती. हिराच्या आईची माहुलजवळच्या बर्फाच्या कारखान्यात रोजची ये-जा. रोज सकाळी एकच मागणी, "अर्धी लादी दे." कारखान्याच्या मागे एक जुनी थंड खोली होती, बंद पडलेली. भिंती हातभर जाड. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. मावशीने शेठला सांगितलं, "पोरं गाणार हाईत, बसूं दे." शेठ मावशीला घाबरायचा. झाला स्टुडिओ!

एकच अडचण. बर्फाचं मशीन. दिवसभर घूं... घूं... ती घूंघूं जमिनीतून यायची. ॲल्विन टेप लावून बघायचा आणि खोकत म्हणायचा, "मॅन, गाणं कमी, मशीन जास्त."

मी मावशीला विचारलं, "मशीन दोन तास बंद ठेवायला सांगाल?"

मावशी म्हणाली, "आन माजं म्हावरं कोन राखंल? तुजा बापूस?"

विजय भिंतीला कान लावून उभा राहिला. पाच मिनिटांनी वळला आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागला. मशीनचा सूर कुठल्याच पट्टीत नीट बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी. विजयने सगळ्या तारा त्या सुराला लावल्या. बेस त्यालाच लावला. माझ्या ड्रमची कातडीसुद्धा त्यालाच ताणली.

मी म्हटलं, "अरे, हे काय?"

तो म्हणाला, "जे हटवता येत नाही ना दिन्या, त्याला सा म्हणायचं!"

आठवी नापास माणसालाही हे वाक्य पाठ झालं. आयुष्यात फार ठिकाणी उपयोगी पडलं.

*

हिरा गाताना डोळे मिटायची. लोकांना वाटायचं भक्ती, तल्लीनता! कसली तल्लीनता? मी समोर बसून तोंडं करायचो म्हणून! कधी म्हाताऱ्या बोंबलाचं तोंड, कधी शेठचं, कधी विजय चिडला की होतं ते. ती एकदा हसली की अर्धा तास हसायची आणि टेप वाया जायची. शेवटी विजयने तिला हुकूम दिला, "गाताना डोळे उघडायचे नाहीत. समोर माकड आहे."

शेवटचं गाणं होतं धक्क्यावर वाट बघणाऱ्या बाईचं. होडी दिसत नाही, दिसत नाही, असं करत करत सगळी वाद्यं थांबतात. विजयने बोटं नाचवून समजावलं होतं. "चार मात्रा सगळे गप्प. मग हिराचा एकच शब्द, ‘ये’. आणि त्या ‘ये’वर दिन्याचा दणका." शंभरदा प्रॅक्टिस केली. कधी चुकलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी स्पूलवर शेवटची पाच-सहा मिनिटंच उरली होती. गाणं एकदाच होणार. सुरुवात झाली. झकास चाललं होतं. वाद्यं थांबली. मशीनची घूंघूं तेवढी राहिली. माझी काठी वर.

आणि हिराने डोळे उघडले.

कशाला उघडले? मी काय तोंड करतोय ते बघायला, दुसरं काय! पण मी तोंड केलंच नव्हतं. त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, मी नुसता बघत होतो. थंड खोली, तिच्या केसांत भुशाची एक काडी. एक, दोन, तीन, चार झाल्या. पाच झाली. सहा. मला दणक्याची शुद्ध नव्हती. सात, आठ, नऊ. मग ॲल्विनला खोकला आला. त्या खोकल्यासरशी हिराने ‘ये’ म्हटलं, मी दचकून दणका दिला, गाणं पुढे गेलं.

टेप संपली तसा विजय उठला. "काय तोंड केलंस तिला? पाच मात्रा खाल्ल्यास तू! पाच!"

आता इथे खरं सांगायचं होतं. पण मी काय केलं? छाती फुगवली आणि म्हटलं, "असलं मस्त तोंड केलं ना, तिची वाचाच गेली!"

ॲल्विन हसला. विजयने मला चप्पल फेकून मारली. हिरा हसली नाही. पदर खोचून पिंप धुवायला घेतलं तिने.

*

कॅसेट निघाली. कव्हरवर बर्फाच्या लादीवर बसलेले आम्ही चौघं. फोटोत सगळे गंभीर दिसतो. लोकांना वाटलं स्टाईल. बसून बघा लादीवर!

घाटकोपरच्या एका दुकानदाराने मेहेरबानीने काही कॅसेट ठेवल्या. आम्ही रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभे राहायचो, कोण घेतो बघायला. आठव्या दिवशी एका गृहस्थाने घेतली! विजयचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ परत आला. आम्हाला वाटलं आणखी घ्यायला आला. तो दुकानदाराला म्हणाला, "ही बदलून द्या. हिच्यात फ्रिज चालू राहिलाय!"

मग एका पेपरात दोन ओळी आल्या. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, गायिकेचा आवाज चांगला आहे, बाकी यंत्रसामग्री. विजयने ते कात्रण पाकिटात ठेवलं. मी म्हटलं, "अरे, शिव्या घातल्यात त्याने!" विजय म्हणाला, "घातल्या ना? म्हणजे ऐकली."

*

आम्हाला पत्रं येतील असं विजयला वाटायचं. कॅसेटवर त्याने घरचा पत्ता छापला होता. एकही पत्र येईना. तो रोज पोस्टमनकडे असा बघायचा, की मला दया आली. मी ठरवलं, आपणच एक लिहू.

लिहायला बसलो विजयची गंमत करायला, ‘घाटकोपरचा एक श्रोता’ म्हणून. दोन ओळी झाल्यावर हात भलतीकडेच गेला. लिहिलं की बाई, तुम्ही शेवटच्या गाण्यात थांबता तेव्हा मी पण थांबतो. मग ‘ये’ म्हणता, तेव्हा वाटतं मलाच म्हणालात. रोज कॅसेट तिथपर्यंत आणून बंद करतो, म्हणजे ‘ये’ उद्यासाठी राहतो.

पोस्टात टाकलं आणि घाम फुटला.

विजयने ते प्रॅक्टिसला आणलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ॲल्विन म्हणाला, "घाटकोपरला एवढे सेंटी लोक राहतात?" सगळ्यात मोठ्याने मी हसलो. हसून हसून पोट धरलं.

हिराने कागद हातात घेऊन बघितला. "अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. दिन्या, तुझ्या शाळेतला दिसतो."

"आमच्या शाळेत एवढं लिहायला शिकवत नव्हते गं," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत टाकली. "राहू दे. कोळंबी बांधायला होईल."

पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. माहुलातच, चार घरं सोडून, होडीवाल्याकडे. हळदीला ढोल मीच वाजवला. एक मात्रा चुकलो नाही! विजय कानात म्हणाला, "रेकॉर्डिंगला कुठे गेला होता हा हात?"

*

लग्नानंतर गाणं सुटलं. न विकलेल्या कॅसेटचे खोके सगळ्यांनी वाटून घेतले. दोन-तीन वर्षांनी मी माहुलला बोंबील आणायला गेलो. म्हणजे बोंबील भांडुपलाही मिळतात, पण मला माहुलचे आवडतात.

बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. वर दोऱ्यासारखं काहीतरी काळं, चकचकीत ताणलेलं. वारा आला की फडफडत होतं. जवळ जाऊन बघितलं तर कॅसेटची टेप! हिराच्या सासूने खोक्यातल्या सगळ्या कॅसेट सोडवून वलांडीवर बांधल्या होत्या. एकही कावळा फिरकत नव्हता.

हिरा बाहेर आली. जरा ओशाळली. म्हणाली, "सासूबाईंना कुणीतरी सांगितलं, चकाकलं की कावळे येत नाहीत."

मी म्हटलं, "चकाकण्याचं नाही गं. विजयचा आवाज आहे त्याच्यात, म्हणून येत नाहीत."

ती हसली. पूर्वीसारखी, अर्धा तास. मग वाऱ्यावर टेप भुंग्यासारखी गुणगुणायला लागली आणि दोघंही ऐकत उभे राहिलो. बोंबील घ्यायचे विसरलो.

*

माझंही लग्न झालं. चांगलं झालं. दीपाने पस्तीस वर्षं मला सहन केलं, हा एक विक्रमच. ती गेली तिला आता सहा वर्षं होतील.

तिला गाणं फारसं कळायचं नाही, पण ‘अर्धी लादी’ ती महिन्यातून एकदा लावायची. शेवटच्या गाण्यात तो गप्प बसायचा भाग आला की हातातलं काम टाकून ऐकायची. मला मनातून भीती वाटायची, हिला काही कळलं तर नाही? एकदा धीर करून विचारलं, "तुला त्यात एवढं काय आवडतं गं?"

म्हणाली, "अख्ख्या आयुष्यात तुम्ही गप्प बसलात ते एवढंच!"

*

ॲल्विन तीन वर्षांपूर्वी गेला. वाकोल्याच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, चालू होती. मी, विजय आणि हिरा एका बाकावर. फादर बोलत होते, सगळीकडे शांतता. मागे कोणीतरी खोकलं.

आम्ही तिघंही एकदम मागे वळलो.

*

आणि आता बघा गंमत. गेल्या वर्षी अंधेरीची दोन-तीन पोरं माझ्या दारात. त्यांतला पुढारी तन्मय. केस हिरासारखे लांब, शर्ट माझ्या पायजम्यासारखा. म्हणाला, "अंकल, तुम्ही लेजंड आहात!" मी मागे वळून बघितलं, मागे कोण उभं आहे म्हणून.

त्याला भंगारात आमची कॅसेट सापडली होती. त्याने ती इंटरनेटवर टाकली आणि कुठकुठल्या देशातले लोक ऐकायला लागले. ज्यांना ‘लादी’ म्हणजे काय ते ठाऊक नाही, असे लोक! आता त्याला तिची मोठी काळी तबकडी काढायची होती, जुन्यासारखी. आणि मुलुंडला एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम करायचा होता.

मी विजयला बोलावून घेतलं. तन्मयने माईक काढला. "अंकल, तुमचं ट्यूनिंग कुठल्याच स्केलमध्ये बसत नाही. लोक म्हणतात ही प्राचीन फ्रीक्वेन्सी आहे, मेंदू शांत करणारी."

मी गंभीर चेहरा केला. "ते गुरूकडून मिळालं. गुरू रात्रंदिवस एकाच सुरात असायचे. खूप थंड स्वभाव."

"कुठे असतात ते?"

विजय म्हणाला, "भंगारात गेले. बर्फाचं मशीन होतं ते, बाळा."

"आणि ती नऊ बीट्सची सायलेन्स? काय कॉन्सेप्ट होता?"

मी घसा खाकरला. शांतता हेच खरं वाद्य असतं वगैरे सुरू करणार होतो, तोवर विजय म्हणाला, "कॉन्सेप्ट वगैरे काही नाही. ह्या माणसाने तिला तोंड करून दाखवलं."

पोरं माझ्याकडे बघून हसली. मी पण हसलो. दुसरं काय करणार? चाळीसएक वर्षं जे नाणं चालवलं, ते आता खोटं आहे म्हणून कसं सांगणार?

*

हिराशिवाय कार्यक्रम नाही, असं विजयने ठणकावलं. आम्ही माहुलला गेलो. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा-सून मासळीचा धंदा बघतात. रिफायनरीचा वास तोच, घर नवीन, दारात वलांडी तशीच. हिराचे केस पांढरे. माझे बरे आहेत, नाहीतच.

"मी नाही गाणार," हिरा म्हणाली. "आवाज राहिला नाही."

विजयने गिटार काढली, सूर दिला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. म्हणाली, "विजू, खाली काहीच नाही रे. तेव्हा पायाखाली तो आवाज असायचा. आता कशावर उभी राहू?"

कारखाना केव्हाच पडला, तिथे आता बिल्डिंग आहे. आम्ही चहा प्यायलो. मी उठलो, चपला घातल्या. मनात म्हटलं, संपलं. आता हिला परत कुठल्या निमित्ताने भेटायचं? बोंबील तर ऑनलाइन मिळतात.

तेवढ्यात ओसरीवर सुनेचा डीप फ्रीझर सुरू झाला. घूं...

हिराची मान वळली. विजय कपबशी हातात तशीच धरून फ्रीझरपाशी गेला आणि त्याला कान लावला. "थोडा चढा आहे," म्हणाला.

मी फिटर माणूस. सुनेला विचारलं, "आत काय आहे?" ती म्हणाली, "रिकामाच आहे, उद्या माल येईल." मी म्हटलं, "आजच आणा!" शेजारच्या चार घरांतून मासळी गोळा केली. सुरमई भरली, मशीनवर लोड आला, सूर उतरला. "जास्त उतरला," विजय म्हणाला. दोन सुरमया काढल्या. "आता किंचित चढला." एक बांगडा टाकला.

"हां! हलवू नका!"

हिराने डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज जाडा झालाय, मध्ये कुठे कुठे फाटतो. पण ओसरीवर मासळी निवडत बसलेल्या बायका थांबल्या. सून म्हणाली, "आई, तुम्ही गाता?"

*

कार्यक्रम रविवारी दुपारी. मुलुंडच्या हॉलवर टेम्पोने फ्रीझर नेला. मॅनेजर दारात आडवा. "हे काय? ह्यात काय आहे?"

मी म्हटलं, "सा."

"काय?"

"सा आहे साहेब. बाकीचे सूर गाडीत आहेत."

त्याने झाकण उघडून बघितलं. "हे तर मासे आहेत!"

विजय बँकेतला जुना साहेबी आवाज काढून म्हणाला, "सुरमई काढली तर कार्यक्रम अर्ध्या सुराने चढेल. तुमची जबाबदारी." मॅनेजरने झाकण हळूच लावलं.

हॉल भरलेला. आमच्या नातवंडांच्या वयाची पोरं आणि त्यांना सगळी गाणी पाठ! ॲल्विनचा बेस तन्मय वाजवत होता, चांगला वाजवत होता. न खोकता. तेवढंच चुकल्यासारखं वाटत होतं.

शेवटचं गाणं. विजयने आधीच बजावलं होतं, "आता तरी चार मात्रा. लेजंड असशील तुझ्या घरी." वाद्यं थांबली. फ्रीझरची घूंघूं. माझी काठी वर.

हिराने डोळे उघडले.

चार झाल्या. पाच झाली. विजयने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, शिवी घातली नाही. सहा, सात. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल. आठ.

नववी झाली आणि अख्खा हॉल खोकला.

सगळे! एकदम! पोरांनी कॅसेट ऐकून ऐकून तो खोकला पाठ केला होता. त्यांच्या हिशेबी तो गाण्यातच होता! विजयच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हिराने ‘ये’ म्हटलं आणि मी असा दणका दिला की पिंपाला पोचा पडला.

*

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या मागे टेम्पोची वाट बघत मी आणि हिरा फ्रीझरवर बसलो होतो. प्लग काढलेला, त्यामुळे तोही गप्प. विजय पुढच्या दारात पोरांना सह्या देत होता. तबकडीच्या कव्हरवर तोच फोटो, लादीवर बसलेले चौघं.

मी म्हटलं, "हिरा, एक खरं सांगू?"

"तू? खरं?" ती आधीच हसायला लागली.

"हसू नकोस ना गं. एकदा तरी हसू नकोस."

ती थांबली.

"तेव्हा रेकॉर्डिंगला मी तोंड केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं. तुझ्याकडे बघत राहिलो आणि दणका द्यायचा विसरलो. सगळ्यांना सांगितलं खोडी काढली म्हणून. खोडी नव्हती ती. चूक होती, आणि सगळी माझी होती. बस, एवढंच सांगायचं होतं."

हिराने पदराने कपाळ पुसलं. समोर टेम्पोवाला टेम्पो मागे घेत होता, तिकडे बघत म्हणाली,

"मोठा आला चूक घेणारा! अरे येड्या, दणका ‘ये’च्या नंतर होता. आधी ‘ये’ मी म्हणायचं होतं. डोळे उघडून, तुझ्याकडे बघत, नऊ मात्रा उभी होते मी. ते मी का नाही म्हटलं, हे एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारलंस?"